बाजार नसलेली भाषा

(एक विद्यार्थी, बी. कॉम. भाग २)

वादविवाद स्पर्धेत इंग्रजीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "चीनकडे पाहा, जपानकडे पाहा! इंग्रजीच्या कुबड्या न घेता ही राष्ट्रे पुढे गेली." वाक्य टाळीचे आहे. मराठी विभागात ते टाळी घेते, आणि कन्नड विभागातले मित्र सांगतात की तिकडेही तितकीच घेते. जपानचा विषय स्वतंत्र आहे, तो आज बाजूला ठेवू. चीनपुरते मात्र हे वाक्य साफ चुकीचे आहे. ते चुकीचे कसे हे सांगता सांगता आपल्याही पदरात काही पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

चीनमध्ये बारावीच्या अखेरीस जी प्रवेशपरीक्षा होते तिला गाओकाओ म्हणतात. जूनची ७ आणि ८ तारीख हे तिचे ठरलेले दिवस. काही प्रांतांत ती आणखी एकदोन दिवस लांबते. एकूण गुण ७५०. त्यांत चिनी भाषेला १५०, गणिताला १५० आणि परकीय भाषेला १५०. उरलेले ३०० बाकीच्या विषयांना. म्हणजे मातृभाषेला जेवढे गुण, बरोबर तेवढेच परकीय भाषेला! रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश यांपैकी एखादी भाषा घेण्याची मुभा आहे, पण बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात. २०२४ साली या परीक्षेला १ कोटी ३४ लाख २० हजार मुलांनी नावे नोंदवली होती. आम्ही एसएसएलसीला बसलो तेव्हा पहिल्या भाषेला १२५ गुण होते, दुसरी आणि तिसरी प्रत्येकी १०० गुणांची. आपल्या मंडळानेही मातृभाषेला पंचवीस गुणांचा मान जास्त दिला. चीनने तोही दिलेला नाही. इंग्रजीवाचून पुढे गेलेल्या राष्ट्राची ही अशी गुणपत्रिका आहे.

हे पहिल्यापासून असे नव्हते. १९५० नंतरच्या दशकात तिथे रशियन भाषेचा बोलबाला होता. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि प्रवेशपरीक्षाच बंद पडली. त्या काळातली एक हकिकत अंगावर काटा आणणारी आहे. १९७३ साली हनान प्रांतातल्या एका खेडेगावच्या शाळेत एका मुलीने इंग्रजीचा पेपर कोराच ठेवला आणि मागे चार ओळी लिहिल्या. आशय असा की, मी चिनी आहे, मला परकी अक्षरे कशाला, ए बी सी न येताही मी क्रांतीची वारसदार होईन. शाळेत तिला त्याबद्दल बोलणी बसली आणि तिने पाण्यात उडी घेऊन जीव दिला. पुढच्या वर्षी वरच्या राजकारण्यांनी त्या प्रकरणाचे निशाण केले. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक तुरुंगात गेले. एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या चार ओळींवरून एवढे घडले. मुलगी चुकली की शिक्षक चुकले, यावर मी निकाल देणार नाही. इतकेच म्हणतो की "परकी भाषा कशाला?" हा प्रश्न आपल्याकडे टाळीसाठी विचारला जातो आणि तिकडे त्याची किंमत माणसांनी भोगली आहे.

१९७७ च्या हिवाळ्यात परीक्षा पुन्हा सुरू झाली. अकरा वर्षांचा साठलेला लोंढा एकदम आला. सुमारे ५७ लाख परीक्षार्थी बसले आणि जेमतेम २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. प्रश्नपत्रिका छापायला कागद पुरेना, तेव्हा माओंच्या निवडक लेखांच्या पाचव्या खंडासाठी राखलेला कागद वापरला असे सांगतात. इंग्रजीचे गुण त्या वर्षी भाषेच्या विद्यार्थ्यांपुरतेच होते. पुढे जे केले ते मला, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून, फार आवडले. इंग्रजी एकदम डोक्यावर आदळली नाही. १९७९ साली महत्त्वाच्या विद्यापीठांसाठी तिचे दहा टक्के गुण धरले, १९८० साली तीस टक्के, १९८१ साली पन्नास, १९८२ साली सत्तर आणि १९८३ साली पूर्ण शंभर. हप्त्याहप्त्याने वसुली! २००१ पासून तर प्राथमिक शाळेच्या तिसरीतच इंग्रजी आणायला सुरुवात झाली.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळू. वेळ दोन तास, आणि पेपर ८ जूनला दुपारी तीनला. पुष्कळ प्रांतांत पहिले तीस गुण कानांचे असतात. ध्वनिवर्धकावरून संवाद ऐकायचे आणि वीस प्रश्नांची उत्तरे द्यायची. त्या वेळी केंद्राच्या आसपासची बांधकामे बंद ठेवतात, मोटारवाल्यांना भोंगा वाजवू देत नाहीत. (आमच्या एका परीक्षेच्या वेळी शेजारच्या मंगल कार्यालयात सकाळपासून बँड चालू होता. असो.) मग उतारे, मग एका उताऱ्यातली वाक्ये काढून रिकाम्या जागी बसवायची, मग गाळलेले शब्द भरायचे, आणि शेवटी चाळीस गुणांचे लेखन.

या लेखनात एक गृहस्थ वर्षानुवर्षे वावरतो आहे. त्याचे नाव ली हुआ. "समजा तू ली हुआ आहेस" अशी प्रश्नाची सुरुवात ठरलेली. परीक्षार्थीने स्वतःचे नाव लिहायचे नसते म्हणून हे सर्वांचे सामाईक नाव. बिचाऱ्या ली हुआला परदेशी मित्र भरपूर आणि सगळ्यांना सदा कसली ना कसली अडचण. २०१७ च्या एका पेपरात तो इंग्रज मित्राला तांग काळातल्या कवितेचा पाठ कधी घ्यायचा ते कळवतो. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या मित्राला चिनी घरी पाहुणे म्हणून जाताना काय रीत पाळावी ते सांगतो. २०१९ मध्ये तो स्वतः लंडनला आहे आणि चिनी चित्रांच्या प्रदर्शनात स्वयंसेवक व्हायला अर्ज करतो आहे. गंमत अशी की ज्या मुलाने आपला जिल्हा ओलांडलेला नाही तोही दर आठवड्याला ली हुआ होऊन लंडनला पत्र धाडतो. आपण "तुमच्या मित्रास सहलीचे वर्णन करणारे पत्र लिहा" यात जे करतो तेच हे. न गेलेल्या सहलीची वर्णने करण्यात दोन्ही देशांची मुले सारखीच तरबेज आहेत.

तयारी कशी चालते हे वाचून दम लागतो. साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करायची, ही सर्वमान्य पहिली पायरी. यादी वर्णानुक्रमे, त्यामुळे अगदी सुरुवातीला भेटणारा शब्द असतो 'अबँडन', म्हणजे सोडून देणे. मुले विनोद करतात की आम्ही तो पहिला शब्द शिकलो आणि तत्काळ आचरणातही आणला. सकाळचा पहिला तास मोठ्याने वाचनाचा, त्यात एक दिवस चिनी आणि एक दिवस इंग्रजी. 'पाच वर्षांच्या गाओकाओ, तीन वर्षांच्या सराव परीक्षा' अशा नावाची जाडजूड पुस्तके घराघरांत आहेत. आन्हुई प्रांतातले माओतानचांग हे गाव तर नापासांच्या आणि कमी गुण पडलेल्यांच्या पुन्हा तयारीवरच जगते. आईवडील तिथे खोली भाड्याने घेऊन राहतात, मुलाला रांधून घालतात आणि जूनमध्ये बसगाड्या भरून मुले परीक्षेला निघाली की सारे गाव निरोप द्यायला रस्त्यावर येते.

हबेई प्रांतातल्या हेंगशुईच्या शाळेची शिस्त सर्वांत प्रसिद्ध. पहाटे साडेपाचला उठणे, धावायला रांगेत उभे राहताना हातात पुस्तक, रात्री दहानंतर दिवे बंद. त्या शाळेने जगाला एक इंग्रजी अक्षरवळण दिले आहे! उत्तरपत्रिका यंत्राने टिपून पडद्यावर तपासल्या जातात. एकेका निबंधाला परीक्षकाची नजर फार थोडा वेळ मिळते. तेव्हा अक्षर छापल्यासारखे गोल, सुटे आणि एका उंचीचे असले तर दोन गुण जास्त पडतील, या हिशेबाने मुले महिनोन् महिने अक्षर घोटतात. आता देशभर ते 'हेंगशुई वळण' म्हणून ओळखले जाते. मजकूर काय लिहावा हे शिकण्याआधी तो छापील कसा दिसावा हे शिकायचे. मला यात हसू येत नाही. गुण हे चलन ठरले की माणूस नाण्याची कडही घासून पाहतो.

याच हबेई प्रांतात आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली वारले. १९३८ साली गेलेला हा माणूस चिनी शिकला तो रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी. त्यांच्यासाठी कुणी पेपर काढला नव्हता.

इतके कष्ट करून भाषा येते का? चिनी लोकांनीच या प्रकाराला एक नाव दिले आहे, 'मुके इंग्रजी'. उतारा कळतो, गाळलेला शब्द भरता येतो, पण समोर परदेशी माणूस आला की जीभ टाळ्याला चिकटते. आलीच तर १९९० च्या क्रमिक पुस्तकातली ली लेई आणि हान मेईमेई यांची वाक्ये येतात: "हाउ आर यू?" "फाइन, थँक यू, अँड यू?" त्यापलीकडे गाडी जात नाही. त्या मुकेपणावर उतारा म्हणून ली यांग नावाच्या एका गृहस्थाने १९९० नंतरच्या दशकात 'वेडे इंग्रजी' काढले. मैदानात हजारो माणसे जमवायची आणि सर्वांनी घसा फाटेपर्यंत इंग्रजी वाक्ये ओरडायची. लोक गेले, पैसेही भरले. मुक्याला ओरडायला लावले म्हणजे तो बोलका होतो असे नव्हे, पण इतकी माणसे तिथे का गेली हे समजण्यासारखे आहे.

मुकेपणाचे कारण उघड आहे. जे विचारत नाहीत ते शिकवत नाहीत. राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत बोलण्याला गुण नाहीत. ग्वांगडोंगमध्ये संगणकावर ऐकण्या-बोलण्याची परीक्षा आहे. बीजिंगमध्ये २०२१ पासून दीडशेपैकी पन्नास गुण त्याला आहेत, आणि ती दोनदा देता येते. पण हे झाले पैसेवाल्या प्रांतांचे. डोंगरातल्या शाळेत तितकी यंत्रे कोण बसवणार?

चांगला प्रश्न काढला तरी शिकवणीवाले त्याचे काय करतात याचेही उदाहरण आहे. २०१६ साली झेजियांग प्रांतात एक नवा प्रश्न आला आणि पुढे तो इतर प्रांतांतही पसरला. एक अर्धवट गोष्ट द्यायची, पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये द्यायची, आणि मुलाने दीडशे शब्दांत गोष्ट पुरी करायची. गुण पंचवीस. मला हा प्रश्न नामी वाटतो, कारण गोष्ट समजल्याशिवाय ती पुढे नेता येत नाही. पण काही वर्षांतच राग, भीती, आनंद, पश्चात्ताप यांची तयार वाक्ये बाजारात आली. कुठलीही गोष्ट असो, डोळ्यांतून अश्रूंचा पूर आणि शेवटी मावळता सूर्य हे ठरलेलेच. तरीही मी म्हणेन की पत्रापेक्षा हा प्रश्न बरा. पाठ केलेली वाक्ये गोष्टीत ठिगळासारखी दिसतात, आणि शहाण्या परीक्षकाला ठिगळ ओळखता येते.

आता व्यापाराची बाजू. यू मिनहोंग हा शेतकऱ्याचा मुलगा. गाओकाओत इंग्रजीला पहिल्या वर्षी ३३ गुण, दुसऱ्या वर्षी ५५, तिसऱ्या वर्षी, १९८० साली, ९५. आणि पेकिंग विद्यापीठात प्रवेश. याच गृहस्थाने १९९३ साली 'न्यू ओरिएंटल' नावाची शिकवणी संस्था काढली आणि २००६ साली तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात गेले. जुलै २०२१ मध्ये सरकारने नियम केला की पहिली ते नववीच्या शालेय विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठी चालवायच्या नाहीत. संस्थेचे उत्पन्न ऐंशी टक्के घटले, साठ हजार माणसे कमी करावी लागली; हे आकडे त्यांनीच जाहीर केले. मग त्यांनी काय करावे? उरलेल्या शिक्षकांना मोबाइलच्या पडद्यासमोर बसवून शेतमाल विकायला लावले. २०२२ च्या जूनमध्ये दोंग युहुई हा इंग्रजीचा शिक्षक तांदूळ आणि मका विकता विकता पांढऱ्या फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून समजावू लागला, आणि लाखो लोक पाहायला जमले. शिकवणीचा धंदा बुडाला आणि इंग्रजीने तांदूळ विकला! आमच्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या पुस्तकात अजून जुनीच उदाहरणे आहेत. हे घालायला हरकत नाही.

इतके सगळे पाहिल्यावर तिकडेही मागणी होते की इंग्रजीचे स्तोम कमी करा. २०१३ साली बीजिंगने इंग्रजीचे गुण १५० वरून १०० करण्याचा मसुदा काढला होता. तो अंमलात आला नाही. मार्च २०२१ मध्ये एका प्रतिनिधीने सल्लागार परिषदेत सूचना मांडली की शाळेत इंग्रजीला चिनी आणि गणिताच्या बरोबरीचे स्थान नको. त्याच वर्षी शांघायने प्राथमिक शाळांतली इंग्रजीची सत्रपरीक्षा काढून टाकली. मागणी करणाऱ्यांचे म्हणणे असे की बहुतेकांना पुढे आयुष्यात इंग्रजी लागत नाही, आता यंत्र भाषांतर करते, आणि खेड्यातल्या मुलाचे गुण इंग्रजीतच जातात.

शेवटचा मुद्दा खरा आहे आणि तोच विचार करण्यासारखा आहे. शहरातला मुलगा लहानपणापासून कानाने इंग्रजी ऐकतो, खेड्यातला ऐकत नाही, आणि दोघांना पेपर मात्र एकच. हा अन्याय नाही असे कोण म्हणेल? पण पेपर काढून टाकल्याने अन्याय जातो का? शहरातल्या मुलाची शिकवणी घरच्या पैशाने चालूच राहते. खेड्यातल्या मुलाकडे इंग्रजीचा मास्तर येतो तो परीक्षेला १५० गुण आहेत म्हणून. ज्या विषयाचा पेपर नाही त्या विषयाचा मास्तर नेमण्याची घाई कोणतेही सरकार करत नाही. आपल्या सीमाभागातल्या शाळांत चित्रकलेच्या तासाचे काय होते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गुण उद्या काढले तर शहराचे काही बिघडत नाही, खेड्याचा मास्तर तेवढा जातो.

मी मराठी माध्यमातून आलो. कन्नड मला शाळेने जेवढी शिकवली त्याहून अधिक शनिवारच्या बाजाराने शिकवली. भाव करताना, उधारी मागताना, बसमध्ये जागा धरताना ती आपोआप तोंडात बसली, व्याकरण नंतर आले. वडील दुकानात हिशेब लिहितात, त्यामुळे रोजकीर्द, खतावणी, घसारा हे शब्द मला पुस्तक उघडण्याआधीच माहीत होते. पीयूसीला आल्यावर त्यांच्यावर इंग्रजी नावे चढवायची होती. अर्थ हाती असल्याने डिप्रीशिएशन काही जड गेले नाही. जड गेले ते वर्गात उभे राहून इंग्रजीत एक वाक्य बोलणे. कारण इंग्रजीचा बाजार आमच्या गावात भरतच नाही. हेंगशुईतही भरत नाही. जिथे बाजार भरतो तिथल्या भाषेला परीक्षेची गरज थोडी; जिथे भरत नाही तिथे परीक्षा हाच बाजार होतो, आणि मग तिथे जो माल मागतात तोच पिकतो. छापील अक्षर मागितले, छापील अक्षर पिकले.

म्हणून माझे चीनशी भांडण दीडशे गुणांबद्दल नाही. त्यांतला एकही गुण बहुतेक मुलांच्या जिभेला मिळत नाही, याबद्दल आहे. आणि तेच भांडण आपल्याशीही आहे. आपल्याकडे तर ऐकण्याचे तीस गुणही बहुतेक ठिकाणी नाहीत, गाइडमधली पत्रे मात्र आहेत. जे मित्र म्हणतात की मराठी आणि कन्नड माध्यमातून आलेल्यांना वाणिज्य शाखेत इंग्रजी ऐच्छिक करा, त्यांची अडचण मी जवळून पाहतो आहे. त्यांतला एक माझ्याच बाकावर बसतो. पण इंग्रजी ऐच्छिक झाल्यावर मुलाखतीच्या वेळी बँकही ती ऐच्छिक ठेवणार आहे का, हे त्याने मला सांगावे.

प्राध्यापकांना एक विनंती आहे. अंतर्गत गुण आपल्याच हातात असतात. त्यांतल्या दहांपैकी पाच गुण तोंडी ठेवावेत आणि बाकी पाच त्या झेजियांगच्या अर्धवट गोष्टीला द्यावेत. गोष्ट लंडनची नको. बेळगावच्या बाजारातली चालेल. दुकानदार मराठी, गिऱ्हाईक कन्नड, आणि बिल इंग्रजीत. इथवर गोष्ट आपण द्यावी, पुढची आम्ही लिहू.